वाचकांचे प्रश्न : गुलाबावरील किडी-रोग आणि पंप उचलण्याआधीची कामे

या सदराकडे खान्देशातून आलेल्या पत्रांत गुलाबावरील कीड-रोगांविषयीचे प्रश्न बरेच आहेत. बहुतेक पत्रांत फवारलेल्या औषधांची यादी सविस्तर असते; मात्र फवारणीपूर्वी पानामागे काय दिसले, किती झाडांवर दिसले आणि शेजारच्या वावरात कोणते पीक उभे आहे, हे क्वचितच लिहिलेले असते. उत्तरासाठी ही माहिती औषधाच्या नावापेक्षा अधिक उपयोगाची असते, म्हणून पुढील पत्रांत ती अवश्य द्यावी.

प्रश्न (चोपडा तालुका, जि. जळगाव) : माझा एक एकर ग्लॅडिएटर गुलाब उघड्या शेतात, ठिबकवर आहे. एका बाजूला फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात उभी ठेवलेली) कपाशी आणि दुसऱ्या बाजूला वांगी आहेत. फुले सुटी, हारवाल्यांना विकतो. फेब्रुवारीपासून लाल कोळी वाढतो. दर पाच दिवसांनी कोळीनाशक आणि त्यातच मावा-अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड मिसळून फवारतो, तरीही मार्चअखेर पाने तांबूस होऊन गळतात. औषध बनावट असेल का?

उत्तर : तशी शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, म्हणून पक्की पावती घ्यावी आणि बाटलीवरील बॅच क्रमांक नोंदवून ठेवावा. परंतु आपल्या वर्णनावरून दोष बाटलीत नसून त्या मिश्रणात आणि पाच दिवसांच्या वेळापत्रकात आहे, असे मला वाटते. कोळी हा कीटक नाही; तो आठ पायांचा जीव आहे आणि कीटकांसाठी तयार केलेली बहुतेक औषधे त्याला पुरेशी लागू पडत नाहीत. याउलट कोळ्यांवर जगणारे जे मित्रजीव गुलाबाच्या पानांमागे आपोआप येऊन राहतात, म्हणजे परभक्षी कोळी, स्टेथोरस जातीचे जेमतेम दीड मिलिमीटरचे काळे ढालकिडे आणि परभक्षी फुलकिडे, ते पायरेथ्रॉइडने लवकर मरतात व पुन्हा वसण्यास त्यांना बराच काळ लागतो. मधल्या काळात कोळ्याला आवर घालणारे कोणी उरत नाही. मावा मारण्यासाठी घातलेले औषधच आपल्या मळ्यात कोळी वाढवीत असावे.

त्यात खान्देशची हवा कोळ्याच्या बाजूची आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारचे तापमान तिशी ओलांडते आणि हवा कोरडी होते. अशा हवेत कोळ्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची एक पिढी साधारण ८ ते १० दिवसांत पूर्ण होते आणि एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. अनेक कोळीनाशके हिंडणाऱ्या कोळ्यांना मारतात, पण अंड्यांना नाही. अंडी फुटून आलेल्या नव्या पिलांवर आपण पुन्हा तेच औषध मारता आणि त्यातून तग धरणारेच पुढची पिढी वाढवितात. जगभरात या दोन ठिपक्यांच्या कोळ्याने ९० हून अधिक रासायनिक घटकांना प्रतिकारशक्ती दाखविल्याची नोंद आहे, त्यामुळे एकाच औषधाची मात्रा वाढवीत नेण्याचा मार्ग पुढे बंदच होतो.

आता काय करावे? दहापट दाखविणारे भिंग विकत घ्यावे. पूर्ण हंगामात याहून स्वस्त आणि उपयोगी साधन नाही. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, कपाशीकडील कडेच्या ओळी, धुळीच्या रस्त्यालगतच्या ओळी आणि मधल्या काही ओळी अशा ठिकाणची खालची व मधली पाने उलटून पाहावीत. पानाच्या वरच्या बाजूस रवा सांडल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसले, तर त्याच पानाच्या मागे शिरेलगत भिंग धरावे. पिवळट अंगावर दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग असलेला, संथ चालणारा जीव म्हणजे कोळी. त्याची अंडी गोल आणि पारदर्शक असतात. त्याच पानावर थोडा मोठा, गुळगुळीत चकाकणारा, ठिपके नसलेला आणि भिंगाखालून झरझर पळून जाणारा जीव दिसला, त्याची लांबट अंडी दिसली, तर तो परभक्षी कोळी आहे. पानामागे असे परभक्षी सर्रास दिसत असतील, तर त्या ओळीत फवारणी थांबवून चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे. ज्या झाडांवर फक्त कोळी आहेत, त्यांना रंगीत फीत बांधावी. सुरुवातीच्या काळात प्रादुर्भाव अशा ठराविक झाडांच्या टापूतच असतो आणि तेवढ्याच झाडांची खालची जाळी धरलेली पाने काढून, पिशवीत भरून मळ्याबाहेर नेऊन नष्ट केली, तर पुढचा बराच खर्च वाचतो.

आपण सुटी फुले विकता, ही जमेची बाजू आहे. लांब दांड्याचा डच गुलाब पानांसकट विकला जातो, म्हणून तेथे पानावरचे डागही खपत नाहीत; हारासाठीच्या गुलाबाला फूल चांगले असले की पुरते. झाडाची ताकद टिकेपर्यंत पानांवर थोडे कोळी राहिले, तरी आपले पैशाचे नुकसान होत नाही. हे थोडे कोळी राहू देणे अनेकांना जड जाते, पण परभक्षी जगायचे असतील तर त्यांनाही खाद्य लागते.

सकाळी लवकर, आठवड्यातून दोन-तीनदा, पानांच्या मागच्या बाजूवर दाबाने साधे पाणी मारावे. कोळी, जाळी आणि धूळ धुऊन निघते व ऊन चढेपर्यंत पाने कोरडी होतात. संध्याकाळी हे करू नये. युरियाचा हात आवरावा, कारण जादा नत्राने आलेला लुसलुशीत फुटवा मावा आणि कोळी या दोघांनाही मानवतो. मावा दिसला तर पायरेथ्रॉइडऐवजी निंबोळी अर्क वापरावा. कोळीनाशकाची वेळ आलीच, तर गुलाबासाठी लेबलवर शिफारस असलेलेच घ्यावे, फीत बांधलेल्या टापूवर पानांच्या मागे पोहोचेल असे मारावे आणि दुसरी फवारणी लागल्यास वेगळ्या गटातील, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारे, औषध निवडावे. बाटलीवर गट क्रमांक छापलेला असल्यास तो पाहावा. ब्रँड बदलला म्हणजे औषध बदलले असे होत नाही. पाण्याचा सामू (पीएच) तपासून घ्यावा, कारण विहिरीचे पाणी विम्लधर्मी असेल तर काही औषधे टाकीतच निकामी होऊ लागतात.

राहिली फरदड. ती काढा; शेजाऱ्यांची असेल तर त्यांना विनंती करून काढायला लावा. डिसेंबरनंतर उभी राहिलेली कपाशी कोळी, फुलकिडे, पांढरी माशी यांना उन्हाळ्यापर्यंत सांभाळते, आणि पऱ्हाट्या वाळू लागल्या की तेथील सगळी कीड जवळच्या हिरव्या पिकावर येते. आपल्या शिवारात ते हिरवे पीक गुलाब आहे. वांग्यावरही हाच कोळी वाढतो, म्हणून पाहणीत त्या बाजूची ओळ कधी चुकवू नये.

प्रश्न (नंदुरबार तालुका) : मिरचीच्या शेताला लागून अर्धा एकर गुलाब आहे. दिवाळीनंतर कळ्या वेड्यावाकड्या होतात, पाकळ्यांच्या कडा करपतात, कोवळी पाने आकसतात. निळे चिकट सापळे लावले. त्यांवर फुलकिडे भरपूर चिकटतात, पण नुकसान कमी होत नाही. सापळे आणखी वाढवावेत का?

उत्तर : वाढवून फारसे साधणार नाही. चिकट सापळ्याचे मुख्य काम कीड आली कधी आणि वाढते आहे की घटते आहे हे सांगणे, हे आहे. तो दर आठवड्याला मोजावा, आकडा वहीत लिहावा आणि धूळ बसून चिकटपणा गेला की बदलावा. आपल्याकडे धुळीमुळे तो लवकर निकामी होतो.

मिरचीवरील फुलकिडा गुलाबावरही तितक्याच सहजपणे जगतो. मादी आपली अंडी कोवळ्या पेशींच्या आत घालते, पिले मिटलेल्या कळीच्या पाकळ्यांत रस शोषतात आणि नंतरची कोषासारखी अवस्था बहुधा जमिनीत किंवा पालापाचोळ्यात जाते. म्हणजे फवारणी करताना या किडीचा मोठा हिस्सा औषधाला सापडतच नाही. म्हणून तीन ठिकाणी काम करावे लागते : कळीवर, जमिनीवर आणि बांधावर.

कळीवरचे काम असे. सकाळी पांढरा कागद कळीखाली धरून कळीला दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, फिकट पिवळे, निमुळते जीव सरपटताना दिसतील. विकृत झालेल्या कळ्या आणि न विकलेली उमललेली फुले रोजच्या तोडणीबरोबरच काढावीत आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. त्या बांधावर फेकल्या तर त्यांतील फुलकिडे त्याच दिवशी मळ्यात परततात. माझ्या मते फुलकिड्याविरुद्ध सर्वांत अधिक फळ देणारे काम हेच आहे आणि सर्वांत अधिक टाळले जाणारेही हेच.

जमिनीवर, ओळींमधील पालापाचोळा व तण काढावे. मिरचीला आपण चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वापरत असालच; तोच गुलाबाच्या नव्या लागवडीला वापरल्यास त्याच्या परावर्तित प्रकाशाने फुलकिडे बिचकतात आणि जमिनीत जाणारी अवस्थाही अडते. बांधावर मिरचीच्या बाजूने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी असाव्यात, पण त्या पुरुषभर उंचीच्या होतील इतक्या आधी पेरलेल्या हव्यात. मिरची उपटण्याचा दिवस ठरला की त्याआधी गुलाबाची पाहणी वाढवावी, कारण तोडे संपून झाडे सुकू लागली की तेथील फुलकिडे एकदम उठतात. उपटलेली झाडे बांधावर रचून ठेवू नयेत.

एवढे करूनही कागदावरचा आकडा दर आठवड्याला चढत राहिला, तरच रासायनिक औषध घ्यावे, त्याचे गट फिरवावेत आणि फवारणी तोडणी झाल्यावर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यानंतर करावी. ओरियस नावाचा बारीक परभक्षी ढेकूण कळ्यांत शिरून फुलकिडे खातो. ठरलेल्या दिवशी डोळे मिटून फवारणी केली की प्रथम तो जातो.

प्रश्न (धुळे तालुका) : निंबोळी अर्क, बिव्हेरिया, बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच टाकीत मिसळून मारावे, म्हणजे मजुरी वाचते आणि एकात्मिक व्यवस्थापनही होते, असा सल्ला मिळाला. मे महिन्यात तसे केले, फरक पडला नाही. जैविक औषधांत दम नाही असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये, त्यांना काम करता येईल अशी परिस्थितीच मिळाली नाही. बिव्हेरिया, मेटारायझियम आणि लेकॅनिसिलियम या जिवंत बुरशी आहेत. त्यांचे बीजाणू किडीच्या अंगावर पडून रुजावे लागतात आणि त्यासाठी हवेत भरपूर आर्द्रता व साधारण २० ते ३० अंश तापमान लागते. खान्देशातील मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, ते रुजणे अशक्यप्राय आहे. शिवाय आपण त्याच टाकीत बुरशीनाशक घातले. म्हणजे विकत आणलेली बुरशी झाडावर पोहोचण्यापूर्वीच मारली. ही औषधे जुलै ते सप्टेंबरमध्ये, उघडीप पाहून, संध्याकाळी वापरावीत आणि त्यांच्या आगेमागे काही दिवस बुरशीनाशक मारू नये. उन्हाळ्यात त्यांवर पैसे घालवू नयेत.

एकात्मिक व्यवस्थापनात उपायांचा क्रम असतो. ते एका टाकीत मावत नाही. किडीची संख्या नुकसान करील अशा पातळीकडे जात आहे का हे आधी पाहावे आणि तसे असेल तरच औषध वापरावे, तेही नैसर्गिक शत्रू वाचतील असे, ही मांडणी कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ साली केली. तेथेही ती करावी लागली, कारण सरसकट फवारणीनंतर किडी अधिक जोमाने परत येत होत्या.

निंबोळीचे मात्र खान्देशात सोने आहे. आषाढात झाडाखाली सडा पडतो, तेव्हाच निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीची पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून नीट पिळून गाळावी, थोडा साबणाचा चुरा विरघळवून एकूण द्रावण १०० लिटर करावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. उन्हात त्यातील कडू घटक लवकर विघटित होतात. मावा आणि कोवळ्या अवस्थेतील किडींवर तो चांगला चालतो. झाडभर पसरलेल्या कोळ्यावर एकट्या निंबोळीची भिस्त ठेवू नये.

प्रश्न (चाळीसगाव तालुका) : थंडीत गुलाबावर भुरी येते आणि पावसाळ्यात काळे ठिपके. दोन्हींना गंधक चालेल का?

उत्तर : हे दोन रोग वागणुकीने परस्परविरुद्ध आहेत. भुरीला पान ओले असण्याची गरज नसते. दिवसा कोरडी व सौम्य हवा आणि रात्री थंडी व दमटपणा एवढे तिला पुरते, म्हणून ती डिसेंबर-जानेवारीत येते. त्या काळात पाण्यात मिसळणारे गंधक योग्य आहे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर मात्र गंधक थांबवावे. तापमान ३२ अंशांपुढे गेल्यास कोवळी पाने करपतात आणि परभक्षी कोळ्यांनाही ते बाधते, नेमका त्यांची गरज सुरू होते तेव्हाच. तेलयुक्त फवारणी आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान साधारण सात तास सलग ओले राहावे लागते. त्यावर खाली पडलेली डागाळलेली पाने उचलणे, छाटणीत झाडाचा मधला भाग मोकळा ठेवणे आणि तुषार सिंचन टाळणे हेच मूळ उपाय आहेत. बुरशीनाशक त्यांच्या जोडीला, पाऊस लागून राहिला तर.

छाटणी करताच जाड फांद्यांच्या कापांवर बोर्डो पेस्ट लावण्यास विसरू नये : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. शेंडेमर बहुधा त्या उघड्या कापांतूनच उतरते.

प्रश्न (पाचोरा तालुका) : जुन्या झाडांच्या बुंध्यावर पांढरट-तांबूस खवले चिकटले आहेत. फवारणीने जात नाहीत.

उत्तर : ही खवले कीड आहे. मोठ्या किडीवर कवच असते, म्हणून औषध आत जात नाही. फार भरलेल्या फांद्या छाटून जाळाव्यात, उरलेल्या बुंध्यावर साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या खरबरीत फडक्याने घासावे आणि कवच नसलेली पिले रांगताना भिंगात दिसली की त्याच वेळी फवारावे.

प्रश्न (शिरपूर तालुका) : दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला चारही बाजूंनी ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी लावली. पांढरी माशी कमी झाली, पण आतली उष्णता वाढली आणि कोळी पूर्वीपेक्षा जास्त झाला. जाळी काढावी का?

उत्तर : काढू नये, पण जाळीने वारा अडतो हे लक्षात घेऊन वरच्या झडपा पूर्ण उघडता येतील अशी व्यवस्था करावी आणि जाळीवरची धूळ नियमित धुवावी. ४० मेशमधून फुलकिडे तरीही आत येतात, त्यामुळे आतली पाहणी सुटत नाही. दुपारच्या वेळी फॉगर थोड्या थोड्या अंतराने चालवून आर्द्रता वाढविल्यास कोळ्याचा वेग मंदावतो. चार वाजल्यानंतर ते बंद ठेवावेत, कारण रात्री ओल्या राहिलेल्या कळ्यांवर करडी बुरशी येते. कोळी बहुधा माणसांच्या कपड्यांवरून एका वाफ्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून प्रादुर्भाव असलेल्या वाफ्यात मजुरांनी सर्वांत शेवटी जावे.

प्रश्न (अमळनेर तालुका) : तोडणीला गावातील आठ-दहा बाया येतात. फवारणीनंतर किती वेळाने त्यांना मळ्यात पाठवावे? आणि भाव पडला की उरलेल्या फुलांचा गुलकंद करावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निःसंदिग्ध आहे : फवारलेल्या गुलाबाचा गुलकंद करू नये, विकू नये आणि घरात मुलांना तर मुळीच देऊ नये. हारासाठीच्या गुलाबावर जी औषधे मारली जातात, त्यांचा विचार पाकळी पोटात जाईल अशा हिशेबाने केलेला नसतो, आणि पाकळ्या धुतल्याने आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे, औषध निघत नाही. उरलेली फुले कंपोस्टमध्ये घालावीत.

तोडणीच्या बाबतीत लेबलवर मळ्यात पुन्हा शिरण्याचा अवधी दिलेला असेल तर तो पाळावा. दिलेला नसेल, तर फवारणी तोडणी संपल्यानंतर संध्याकाळी करावी आणि किमान दुसरा पूर्ण दिवस कोणालाही आत पाठवू नये. एक दिवसाच्या तोडणीचे नुकसान होईल, ते धरूनच फवारणीचा खर्च मांडावा. तसा मांडला की अनेक फवारण्या परवडत नाहीत हे वहीतच दिसते. लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधे रोज हाताने तोडणी होणाऱ्या पिकात आणूच नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गुलाबाची झाडे तर काट्यांची असतात आणि ओरखडलेल्या हातांतून औषध अधिक सहज शरीरात जाते. तोडणीच्या बायांना कोपरापर्यंतचे जाड हातमोजे द्यावेत, हात धुण्यासाठी साबण-पाणी मळ्यातच ठेवावे आणि फवारणी कोणत्या दिवशी, कशाची झाली हे त्यांना तोंडी सांगावे, कारण बाटलीवरचे बारीक अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मळमळ, डोकेदुखी, घाम किंवा धूसर दिसणे यांपैकी काही जाणवल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि औषधाची बाटली किंवा लेबल डॉक्टरांना दाखवावे.

गुलकंदाची आवड असेल, तर घराजवळ सुगंधी देशी गुलाबाच्या दोन-चार ओळी वेगळ्या लावाव्यात. त्या व्यापारी मळ्याच्या वाऱ्याखाली नसाव्यात, त्यांचा पंपही वेगळा असावा आणि त्यांवर रासायनिक औषध कधीही मारू नये. मावा आला तर पाण्याच्या दाबाने धुवावा, आणि एखाद्या वर्षी कीड हाताबाहेर गेलीच, तर त्या वर्षी गुलकंद करू नये.